खाली सायकल लावतायत

४ फेब्रुवारी

बारक्या,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. फोन करणार होते, पण बाबा दिवसभर दुकानात इस्त्रीच्या टेबलाशेजारच्या खुर्चीत बसलेले असतात. त्यांच्याबद्दलच बोलायचं तर त्यांच्या तोंडावर कसं बोलू? शिवाय फोनवर तू आणि मी तिसऱ्या मिनिटाला भांडतो. पत्रात निदान माझं पुरतं बोलून होतं.

परवा बाबा आले ते शर्टाची एक बाही कोपरापासून मनगटापर्यंत फाटलेली. म्हणाले, खिळा लागला. अरे, मी बावीस वर्षं लोकांचे कपडे धुते. खिळ्याने फाटलेलं कापड वेगळं दिसतं आणि घासून फाटलेलं वेगळं. त्या बाहीवर बसचा रंग होता. दोनदा द्रावण लावलं तरी निघाला नाही. त्यानंतर इस्त्री करताना एका गिऱ्हाइकाच्या कोटाची कॉलर जळता जळता वाचली.

आईला आश्रमात ठेवलं तेव्हा तू दोन दिवस राहून गेलास, त्यालाही आता आठ महिने झाले. पुढचं तुला नीट माहीत नाही, म्हणून सांगते. आईला आता माणसं ओळखू येत नाहीत. मला ती "बाई" म्हणते आणि चादरी वेळेवर आणल्या म्हणून आभार मानते. पण रोज चार वाजता ती खिडकीत बसते. वळणावरून सायकल आत येते, फाटकाच्या जाळीवर खडखड होते, दोनदा घंटी वाजते, आणि ती म्हणते, "आले." मग ती हात धुते, जेवते, औषध घेते. बाबा एकदा बसने गेले, तर त्यांना म्हणाली, "बसा हं. आमचे हे अजून कामावरून यायचेत." बाबा दोन तास समोर बसले आणि ती त्यांचीच वाट बघत राहिली. त्या दिवशी ती जेवली नाही.

मी सुचवलं, सायकल आश्रमाच्या वळणावर कुलूप लावून ठेवा, तिथवर बसने जा आणि तिथून चालवत आत जा. दोन दिवस केलं. तिसऱ्या दिवशी पुढचं चाक गायब. मी नवं चाक आणून देते म्हटलं, तर म्हणाले, "राहू दे. एवढी वर्षं खरा घरी येत होतो. आता तिच्यापुढे नाटक करत येऊ का?"

म्हणून हा माणूस चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्या रस्त्याने रोज चार किलोमीटर जातो आणि चार किलोमीटर येतो. रस्ता तुला माहीत आहे. ट्रक, बस, आणि शाळा सुटली की पोरांना न्यायला आलेल्या गाड्या. त्यात त्यांची मान. गेल्या वर्षीपासून मणक्यामुळे ती वळतच नाही. मागून काय येतंय ते बघताच येत नाही त्यांना. म्हणतात, मला ऐकू येतं. जन्मभर घरोघरी विजेचे मीटर वाचत सायकलवर फिरले, त्यामुळे रस्ता आपल्याला ओळखतो असं त्यांना वाटतं.

मी सगळे उपाय केले. चाकातली हवा सोडली, त्यांनी भरली. पंप लपवला, ते सायकल ढकलत पंक्चरवाल्याकडे गेले आणि दुकानासमोरून जाताना मला हात करून गेले. तुझ्या भाऊजींनी समजावलं, तर त्यांनाच सोबत चला म्हणाले. मी हात टेकले.

रोज साडेतीन ते सहा माझा जीव टांगणीला असतो. बाहेर ब्रेक करकचला की इस्त्री हातातून सुटते. तू रस्ते विभागात आहेस. सायकलींसाठी वेगळी, खांब लावलेली वाट करणार असं इथे वर्षभर ऐकतोय. होणार का रे? कधी होणार? मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. आता मागते आहे.

ताई


११ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि नंतर जेवलोच नाही.

ऐक. ती वाट होणार आहे. वरून मंजूर आहे आणि नकाशा माझ्याच टेबलावर आहे, मीच काढलाय. आश्रमाच्या वळणापासून तुमच्या दुकानांच्या ओळीपलीकडच्या चौकापर्यंत, सबंध चार किलोमीटर. नुसता पांढरा पट्टा नाही. खाली सिमेंटचा उंबरठा, त्यावर दीड दीड मीटरवर कमरेएवढे खांब. गाडी आत शिरूच शकत नाही. बाबांना मान वळवायची गरजच पडणार नाही. समोर बघायचं आणि जायचं.

आता हरकती मागवल्यात. पंधरा मार्चपर्यंत मुदत. नंतर काम सुरू होईल, मेपर्यंत खांब लागतील. तोपर्यंत बाबांना कसंही सांभाळ.

दोन गोष्टी. एक, ही फाइल माझ्याकडे आहे हे तिथे कोणाला सांगू नकोस. सख्खी बहीण त्याच रस्त्यावर दुकान चालवते हे साहेबांना कळलं, तर फाइल दुसऱ्याकडे जाईल, आणि तो दुसरा कसा आहे ते मला माहीत आहे. दुसरी गोष्ट, खांब तुझ्या दारावरूनच जाणार. तुझी गिऱ्हाइकं गाडीतून उतरून कपड्यांचं गाठोडं देतात, ती गाडी समोर उभी करता येणार नाही. मागच्या गल्लीतून यावं लागेल. धंद्याला फार मार बसणार असेल तर मोकळेपणाने सांग. काहीतरी बघता येईल.

बारक्या


२० मार्च

बारक्या,

उत्तराला महिना लावला, रागावू नकोस. लग्नसराईचे कपडे आलेत, भरजरी, एकेकाला दोन दोन तास लागतात.

बाबा ठीक आहेत. म्हणजे जातात आणि येतात. मी त्यांच्या शर्टाच्या पाठीवर चकाकणारी पट्टी शिवून दिली, ती त्यांनी उसवली. म्हणाले, मी काय रस्त्यावरचा फलक आहे? आई दोन किलोने वाढली, असं तिथली परिचारिका म्हणाली. ती म्हणते, तुमच्या वडिलांची घंटी हेच तिचं खरं औषध.

इथे ओळीतल्या दुकानांत वाटेवरून बरीच चर्चा आहे. गादीवाला फार तापलाय. त्याचा माल मोठा, टेम्पो समोर उभा केल्याशिवाय गाद्या उतरवता येत नाहीत. माणूस वाईट नाही तो. आईला आश्रमात न्यायचं होतं आणि ती कुठल्याच गाडीत बसेना, तेव्हा त्याने टेम्पोत मागे गादी टाकून तिला झोपवून नेलं होतं. तू होतास तेव्हा. आपण त्याचं काही देणं लागतो असं मला नेहमी वाटतं.

आमचीही गिऱ्हाइकं समोरच गाडी लावतात हे खरं आहे. भरजरी कपडे मागच्या गल्लीतल्या चिखलातून कोण आणणार? पण ते तू मनावर घेऊ नकोस. तू आहेस म्हटल्यावर मला कसली काळजी नाही. जे होईल ते तू बघूनच करशील.

ताई


२ एप्रिल

ताई,

तुझं पत्र पोचलं. कळलं सगळं. काही गोष्टी तू बोलली नाहीस तरी मला समजतात. लहानपणीही तुला भूक लागली की तू मला विचारायचीस, तुला भूक लागली का.

तुझ्या मनासारखंच होईल. काळजी करू नकोस. फाइल पुढे गेली आहे.

बाबांना म्हणावं, मेमध्ये मी येऊन त्यांच्याबरोबर नव्या वाटेवरून चालत येईन.

बारक्या


९ मे

बारक्या,

खांब लागले. मागचा आठवडाभर इथे खोदाखोदी होती. बाबा खुर्ची घेऊन दुकानाच्या पायरीवर बसायचे, आणि दुपारी जाता येता खांब मोजायचे. सोमवारी सातशे, मंगळवारी साडेआठशे. मीटर वाचणाऱ्याला आकडा लागतो. काल म्हणाले, "बारक्याने काम चोख केलंय." तू हे ऐकायला हवं होतंस. ते असं कोणाला म्हणत नाहीत, मला तर कधीच म्हणाले नाहीत.

पण लाकडाच्या वखारीपाशी खांब थांबलेत. तिथून औषधाच्या दुकानापर्यंत, म्हणजे आमची सबंध ओळ, एकही खांब नाही. नुसता पांढरा पट्टा मारून ठेवलाय. औषधाच्या दुकानानंतर परत खांब सुरू होतात. मजूर सामान भरून निघून गेले. मी मुकादमाला विचारलं, तर त्याने नकाशा काढून दाखवला. त्यावर असंच आहे.

खांब कमी पडले का? दुसऱ्या खेपेला येणार आहेत का? कारण त्या पट्ट्यावर आता गाड्या उभ्या राहतात. बाबा खांबांच्या आतून निर्धास्त येतात आणि वखारीपाशी त्यांना एकदम बाहेर पडावं लागतं, उभ्या गाड्यांना वळसा घालून, पळत्या गाड्यांच्या मध्ये. मान वळत नाही. पूर्वी ते सबंध रस्ताभर जपून यायचे. आता चार किलोमीटर बिनघोर येतात, आणि माझ्या दारासमोरच तेवढा प्रसंग असतो. मी रोज पायरीवर उभी राहून बघते. डोळे मिटावेसे वाटतात, पण मिटवत नाही.

बारक्या, हे कधी पुरं होणार ते लगेच कळव. लगेच.

ताई


१६ मे

ताई,

तू असं विचारशील असं मला वाटलं नव्हतं. मला वाटलं होतं, तू मनातल्या मनात बरं म्हणशील आणि गप्प बसशील.

तुमच्या ओळीत एकोणतीस दुकानं आहेत. नियम असा आहे की एखाद्या भागातल्या निम्म्याहून जास्त दुकानदारांची लेखी हरकत असेल, तर तिथे खांब लावायचे नाहीत, पट्टा मारायचा. हरकतीच्या कागदावर पंधरा सह्या आहेत. चौदा असत्या तर हरकत फेटाळली असती. पंधरावी सही तुझी आहे.

आणखी एक सांगतो, जे कोणालाच माहीत नाही. तो कागद माझ्या टेबलावर सोळा मार्चला आला. मुदत पंधरापर्यंत होती. एक दिवस उशीर. मी तो तसाच परत पाठवायला हवा होता. उशिराचा शिक्का मारणार होतो. मग खाली तुझी सही दिसली, ती लहानपणापासूनची, शेवटच्या अक्षराला शेपूट असलेली. वाटलं, ताईला अडचण आहे आणि तिला माझ्याकडे मागायला लाज वाटते. फेब्रुवारीत मी तुला सरळ विचारलं होतं, धंद्याला मार बसेल का. तू उत्तर दिलं नाहीस. मग तुझं मार्चचं पत्र आलं, गिऱ्हाइकं समोर गाडी लावतात, पण मनावर घेऊ नकोस. तू नको म्हणालीस की हवं असतं, हे मला ठाऊक आहे. मी पंधरा तारखेचा शिक्का मारला.

तुझ्यासाठी नियम मोडला, ताई. नोकरीत पहिल्यांदा. आणि आता तूच विचारतेस, खांब कमी पडले का.

सही केली होतीस, तर सांगायचं तरी.

बारक्या


२७ मे

बारक्या,

तू हॉस्पिटलात आलास, दोन दिवस माझ्याशेजारी त्या बाकावर बसलास. मध्ये आपल्या दोघांच्या पिशव्या. आपण डॉक्टरांशी बोललो, परिचारिकेशी बोललो, चहावाल्याशी बोललो. एकमेकांशी एक शब्द नाही. बसला सोडायला आले तेव्हा वाटलं, आता बोलशील. तू "बाबांना जप" एवढंच म्हणालास. म्हणून आता लिहिते. नाही लिहिलं तर मला वेड लागेल.

तुझं सोळा तारखेचं पत्र बाबा पडले त्याच दिवशी पाच वाजता पोस्टमनने दिलं होतं. अपघाताच्या आधी अर्धा तास. मी ते फोडलं नाही, कारण साडेपाच वाजत आले होते आणि मला पायरीवर जायचं होतं.

बाबा खांबांतून आले. समोर गादीवाल्याचा टेम्पो पट्ट्यावर आडवा उभा होता, गाद्या उतरवत होते. बाबांनी घंटी वाजवली. कोणी हललं नाही, मग त्यांनी वळसा घेतला. मागून गाडी येत होती. ती फार जोरातही नव्हती, बारक्या. चालवणारी बाई ओरडत ओरडत उतरली, माझ्याच वयाची. बाबांना तिने पाहिलं नाही आणि बाबांना तिला बघता येत नव्हतं. मी पायरीवरून सगळं बघत होते.

गादीवाल्याने त्यांना उचललं. नव्या कोऱ्या गादीवर, प्लास्टिकसुद्धा न काढता, झोपवलं आणि त्याच टेम्पोतून हॉस्पिटलात नेलं. रस्ताभर तो रडत होता. आईला नेलं तोच टेम्पो.

तुझं पत्र मी ऑपरेशनच्या खोलीबाहेर फोडलं.

आता माझं ऐक. गादीवाला कागद घेऊन आला तेव्हा म्हणाला, सगळ्यांची झालीय, तुमचीच राहिली. मी त्याच्या उपकाराखाली होते. मला वाटलं, सगळ्यांनी दिलीय तर माझ्या एका सहीने काय होतंय? आणि माझा भाऊ तिथे बसलाय, तो खांब लावणारच. सही शेजाऱ्याचं मन राखायला, आणि खांब बाबांसाठी. दोन्ही जमेल असं वाटलं मला. तुला सांगितलं नाही, कारण लाज वाटली. त्यात खोटं काही नाही, पण एवढंच खरं नाही. गिऱ्हाइकांच्या गाड्या समोर लागल्या तर बरं, असंही मनात एका कोपऱ्यात होतं. ते तू बरोबर ओळखलंस. तेवढंच ओळखलंस. बाकीचं पत्र तू वाचलंच नाहीस का रे? मी तुला फेब्रुवारीत काय मागितलं होतं?

तू विचारायला हवं होतंस. एक ओळ. ताई, ही सही तुझीच का?

खुबा मोडलाय आणि मांडीचं हाड. डॉक्टर म्हणतात, काठी घेऊन चालतील. सायकल नाही. कधीच नाही.

ताई


४ जून

ताई,

विचारायला हवं होतं. रोज सकाळी दाढी करताना तेच मनात येतं आणि हात थांबतो.

मी साहेबांकडे गेलो. तारखेचं सांगितलं, शिक्क्याचं सांगितलं, तू माझी बहीण आहेस हेही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, लेखी द्या. दिलं. माझ्यावर चौकशी बसली आहे, फाइल काढून घेतलीय. जे होईल ते होईल. त्याचं वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं की बाबा म्हणाले होते, बारक्याने काम चोख केलंय.

मला वाटलं होतं, उशीर झाला हे कबूल केलं की हरकत आपोआप रद्द होईल. नाही होत. शिक्का पडला म्हणजे पडला, चौकशी पुरी होईपर्यंत तो कागद खराच धरतात. चौकशीला वर्ष लागेल, दीड वर्षही.

एकच मार्ग आहे. सही करणाऱ्याने स्वतः अर्ज द्यायचा की मी हरकत मागे घेतो. कारण लिहायचं. एकाने जरी मागे घेतली तरी चौदा राहतात, आणि खांब लावावे लागतात. तरी तीन चार महिने जातील. अर्ज नव्या माणसाकडे जाईल, तो मला ओळखत नाही असंच वागेल. बाकीचे दुकानदार तुझ्यावर तुटून पडतील हेही लक्षात घे.

मी तुला हे कर म्हणून सांगू शकत नाही. मला सांगायचा हक्क राहिलेला नाही. आणि आता खांब लागून कोणाच्या कामाचे, हेही मला कळत नाही. बाबा तर आता जाणार नाहीत.

आई कशी आहे? तू पत्रात आईबद्दल काहीच लिहिलं नाहीस. मला भीती वाटते.

बारक्या


२१ जून

बारक्या,

आईबद्दल लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं नव्हतं. बाबा पडले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ती चार वाजता खिडकीत बसायची आणि अंधार पडेपर्यंत उठायची नाही. जेवण तसंच परत. कोणी भरवायला गेलं तर तोंड घट्ट मिटायची आणि म्हणायची, "हे आल्यावर." नऊ दिवसांत तिचं मनगट माझ्या दोन बोटांत मावायला लागलं. डॉक्टर म्हणाले, नळी घालावी लागेल, आणि या वयात, या अवस्थेत नळी घातली की पुढचं तुम्ही समजून घ्या.

मी काय काय नाही केलं. सायकलची घंटी काढून पिशवीतून बसने नेली आणि खिडकीखाली वाजवली. तिने वाकून खाली बघितलं, सायकल दिसली नाही, परत बसली. बाबांचा शर्ट घालून तुझ्या भाऊजींना पाठवलं. त्यांना ती म्हणाली, "तुम्ही कोण? हा शर्ट तुम्हाला कोणी दिला?" ते खाली येऊन फाटकापाशी बसले.

दहाव्या दिवशी मी बाबांची सायकल काढली. मडगार्ड वाकलं होतं, ते पंक्चरवाल्याने ठोकून दिलं. मी एकवीस वर्षांची असताना शेवटची सायकल चालवली असेन. बावन्नाव्या वर्षी, साडी खोचून, दुकानासमोरून निघाले. सगळी ओळ दुकानाबाहेर येऊन बघत होती. सायकल भाड्याच्या गाडीने का नेली नाही, असं तू विचारशील. पहिल्या दिवशी तसंच नेणार होते. पण मग वाटलं, बाबांना मी ज्या वाटेने जाऊ दिलं ती मला एकदा बघू दे तरी.

तर बारक्या, दुकानाच्या दारापासून वखारीपर्यंतचा तेवढा पट्टा. मान वळते माझी, आणि मी ती सारखी मागे वळवत होते. मागून येणारं प्रत्येक वाहन आपल्यासाठीच येतंय असं वाटतं. टेम्पो उभा होताच. वळसा घालताना एक बस एवढ्या जवळून गेली की पदर तिच्या वाऱ्याने उडाला. वखारीपाशी खांबांत शिरले आणि सायकलवरून उतरून रडले. मग लक्षात आलं की चार वाजत आलेत. परत बसले. तिथून पुढे तुझे खांब. काय सांगू तुला, घराच्या अंगणात चालवल्यासारखं वाटलं. तू काम चोख केलंयस. जिथे केलंयस तिथे.

वळणावरून आत गेले. जाळीवर खडखड झाली. दोनदा घंटी वाजवली. वर बघायची हिंमत नव्हती. जिना चढून खोलीत गेले, तर ती हात धूत होती. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे दाराकडे बघितलं आणि विचारलं, "खाली सायकल लावतायत का?"

मी म्हटलं, "हो. खाली सायकल लावतायत."

ती जेवली. सगळं ताट. शेवटपर्यंत दाराकडे बघत, हसऱ्या तोंडाने. मग झोपली. झोपेतून उठल्यावर तिला आधीचं आठवत नाही, त्यामुळे ते आले नाहीत हे तिला कळतच नाही.

तेव्हापासून रोज जाते. साडेतीननंतर दुकान तुझे भाऊजी बघतात. बाबांना वाटतं, मी बसने जाते. वाटत होतं. परवा त्यांनी पलंगावरून माझ्या साडीला लागलेलं साखळीचं ग्रीस बघितलं. म्हणाले, "चेन थोडी सैल आहे, आवळून घे." मग विचारलं, "तिला काय सांगतेस?" मी सांगितलं. हाच माणूस तिच्यापुढे नाटक करायला तयार नव्हता. ते म्हणाले, "बरोबर सांगतेस."

मग मला राहवलं नाही. पलंगाशी बसून सगळं सांगितलं. सही, शेजारी, तुझा शिक्का, सगळं. मला वाटलं होतं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, "मीटरचं रीडिंग चुकीचं लिहिलं गेलं तर आम्ही काय करायचो, माहीत आहे?" मी म्हटलं, खोडायचात. म्हणाले, "खोडायचं नाही. खोडलं की वहीवरचा विश्वास जातो. चुकलेलं तसंच ठेवायचं, खाली बरोबर लिहायचं आणि बाजूला पुन्हा सही करायची." मग त्यांनी डोळे मिटले. म्हणाले, बारक्यालाही हे कळव.

कळवलं. अर्ज उद्या टाकते. गादीवाल्याला मी स्वतः जाऊन सांगितलं. आज सकाळी दुकान उघडलं तेव्हा त्याने तोंड फिरवलं. फिरवू दे. टेम्पो मात्र तिथेच उभा होता.

तुझ्यावर मी रागावले आहे आणि बराच काळ रागावलेली राहणार आहे. तरी ये. बाबा तुझी वाट बघतात. मीही.

ताई


२२ जून

प्रति,
रस्ते विभाग, मुख्य कचेरी

विषय : सायकलींच्या वाटेबाबतची हरकत मागे घेण्याबद्दल.

महोदय,

मी खाली सही करणारी, कपडे धुण्याच्या व इस्त्रीच्या दुकानाची मालकीण. आमच्या ओळीतल्या दुकानदारांनी खांब लावू नयेत म्हणून दिलेल्या अर्जावर पंधराव्या क्रमांकाची सही माझी आहे. ती मी स्वतःच्या हाताने केली होती. कोणी जबरदस्ती केली नव्हती. ती चूक होती. ती खोडू नये, तशीच राहू द्यावी. तिच्याखाली हा अर्ज जोडावा.

हरकत मागे घेण्याचं कारण लिहायचं असतं असं कळलं. कारण असं की, माझ्या दुकानासमोर, जिथे खांब नाहीत तिथे, एकोणीस मे रोजी माझ्या वडिलांना गाडीने धडक दिली. ते सायकलवर होते. ते वाचले, पण आता सायकल चालवू शकत नाहीत. त्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसणारं एक माणूस रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. ते माणूस सायकल आल्याशिवाय जेवत नाही.

म्हणून आता मी जाते. रोज साडेतीनला निघते आणि साडेपाचला परत येते. खांब लागेपर्यंत त्या मोकळ्या जागेतून जाता येता दोन वेळा मला बाहेर पडावं लागतं. हे आपल्याला माहीत असावं म्हणून लिहिलं आहे.

अर्जदाराची सही (दुसऱ्यांदा)